नावेचे गाव

२०१८ साली पाळकीय अभ्यासक्रमाच्या निमित्ताने आम्हांस फिलिपाइन्स देशात काही महिने राहण्याचा योग आला. वसईच्या माणसाला त्या देशाचे नाव परके नाही. आपला संत गोन्सालो गार्सिया वसईत जन्मला, पूर्वेकडील देशांत व्यापार करीत हिंडला आणि अखेर मनिला शहरात फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाला. तेथूनच १५९३ साली तो पेद्रो बाउतिस्ता यांच्यासोबत दुभाषी म्हणून जपानला गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाला. तेव्हा निघताना आमच्या धर्मग्रामातील अनेकांनी, 'फादर, आपल्या संताच्या मनिलात आमच्यासाठीही प्रार्थना करा,' असे आवर्जून सांगितले.

त्याच दिवसांत, निघण्यापूर्वी दोनेक आठवडे, एका संध्याकाळी धर्मग्रामातील एक गृहस्थ आमच्याकडे आला होता. थोरल्या भावाशी त्याचा वाडीच्या बांधावरून वाद होता. बांध किती सरकला म्हणाल, तर जेमतेम दीड हात. तो म्हणाला, "फादर, दादाला तुम्ही एकदा बोलवा. तुमचा शब्द तो मोडणार नाही." आमच्यापुढे कागदपत्रांचा ढीग होता, व्हिसाची धावपळ होती. आम्ही म्हणालो, "हे जमिनीचे प्रकरण आहे. यात आमचे काय काम? एखाद्या चांगल्या वकिलाला भेट." तो थोडा वेळ उभा राहिला, 'बरे फादर' म्हणाला आणि गेला. त्याच महिन्यात दावा दाखल झाल्याचे आम्हांस मनिलात कळले. त्या वेळी त्याचे विशेष काही वाटले नाही. वाटले ते पुढे, आणि ते कसे हे सांगण्यासाठीच हा लेख.

अभ्यासक्रमाचा एक भाग म्हणून आम्हांस मनिलाच्या आग्नेयेस, लागुना प्रांतातील एका धर्मग्रामात राहावयास पाठविले. घरी पत्ता कळवावा म्हणून आम्ही तेथील प्रमुख धर्मगुरूंना पत्ता विचारला. त्यांनी कागदावर गावातील पाड्याचे नाव लिहिले, मग बारांगायचे, मग म्युनिसिपालिटीचे, मग प्रांताचे. "आणि विभाग?" आम्ही विचारले. ते हसून म्हणाले, "तो सरकारला लागतो, पत्राला नाही."

या एका वाक्यात त्या देशाच्या रचनेचे मर्म आले आहे. फिलिपाइन्स हा साडेसात हजारांहून अधिक बेटांचा देश. उत्तरेस लुझोन, मध्ये विसायास आणि दक्षिणेस मिंदानाओ असे त्याचे तीन मोठे भाग शाळेतील मुलेही सांगतात; पण या तिन्ही भागांना स्वतःचे असे सरकार नाही. त्याखाली आज १८ विभाग आहेत. आपल्याकडे कोकण विभाग, पुणे विभाग असतात त्याच जातीचे हे विभाग. खात्यांची कार्यालये तेथे असतात, परंतु लोकांनी निवडून दिलेली सत्ता नसते. अपवाद एकच, दक्षिणेकडील मुस्लिमबहुल बांगसामोरो या स्वायत्त विभागाचा. विभागांखाली ८२ प्रांत येतात व प्रत्येकाला निवडून आलेला गव्हर्नर असतो. प्रांतांत शहरे आणि म्युनिसिपालिट्या असतात व त्यांचे महापौर लोक थेट निवडतात. काही मोठी शहरे मात्र प्रांताच्या अधिकाराबाहेर, स्वतंत्र आहेत. या सगळ्याच्या तळाशी देशभर पसरलेली ४२ हजारांहून अधिक बारांगाये आहेत. आपल्या ग्रामपंचायतीसारखे हे एकक. फरक इतकाच की शहरातही ते असते. मनिलाच्या भर वस्तीत चार गल्ल्या ओलांडल्या की दुसरे बारांगाय लागते, आणि तेथे बहुतेकांना नाव नसून नुसता क्रमांक असतो.

बारांगाय या शब्दाचा अर्थ विचारला तेव्हा तेथील एका शिक्षिकेने सांगितले, "फादर, बारांगाय म्हणजे नाव." आम्हांस आधी वाटले, नाव म्हणजे ओळखीचे नाव. तिने हातवारे करून वल्ही मारून दाखविली तेव्हा उलगडा झाला. बालांगाय म्हणजे समुद्रात जाणारी नाव, होडी. १९७६ साली मिंदानाओमधील बुतुआन येथे अशा फार जुन्या लाकडी नावांचे अवशेष जमिनीतून मिळाले. एकेका कुळाची माणसे एकेका नावेतून किनाऱ्याला लागली, नावेतून उतरली तरी एकत्रच राहिली, आणि नावेचा म्होरक्या तोच वस्तीचा म्होरक्या झाला, अशी ही समजूत आहे. ती लिहून ठेवली कोणी? हुआन दे प्लासेन्सिया नावाच्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने, १५८९ साली. तीस ते शंभर घरांची एक वस्ती, तिचा प्रमुख दातो आणि त्याची माणसे, असे तागालोग लोकांच्या बारांगायचे वर्णन त्याने केले आहे. त्याच सुमारास, त्याच संघात आपला गोन्सालो मनिलात वावरत होता. हे कळले तेव्हा आम्हांस उगीचच आपल्या गावचा माणूस भेटल्यासारखे वाटले. वसईचा कोळीही नावेतील माणसांना 'आपली माणसे' म्हणतो, हे गोन्सालोने तेथे कोणास सांगितले असेल काय?

स्पॅनिश राजवटीने या विखुरलेल्या वस्त्या एकत्र आणण्याचे धोरण आखले. मध्ये चौक, चौकाच्या एका बाजूस चर्च, दुसऱ्या बाजूस गावकारभाराचे घर, भोवती आखीव गल्ल्या आणि त्यापलीकडे दूरच्या वाड्या. लोकांनी चर्चच्या घंटेच्या आवाजाच्या टापूत राहावे, अशी अपेक्षा असे. 'घंटेखाली राहणे' असा वाक्प्रचारच तेथे रूढ झाला. मधली वस्ती ती पोब्लासिओन. हे नाव आजही शेकडो गावांच्या मध्यवर्ती बारांगायना आहे. जुन्या दातोंचे वंशज आता 'काबेसा दे बारांगाय' झाले, म्हणजे सरकारसाठी आपल्या घरांकडून कर गोळा करणारे. नावेचा तांडेल कारकून झाला.

धर्मगुरू म्हणून या इतिहासाकडे आम्हांस केवळ अभिमानाने पाहता येत नाही. ज्या घंटेने लोकांना प्रार्थनेसाठी एकत्र आणले, तिनेच त्यांना मोजणीसाठी आणि वेठीसाठीही एकत्र आणले. १८४९ साली गव्हर्नर जनरल क्लावेरिया यांनी आडनावांची एक यादीच छापून प्रांतोप्रांती पाठविली आणि आडनाव नसलेल्या कुटुंबांना त्यांतून नावे देण्यात आली. हेतू हा की शिरगणती आणि करवसुली सोपी व्हावी. यादीची पाने वेगवेगळ्या गावांत वाटली गेल्यामुळे काही गावांतील बहुतेक आडनावे एकाच अक्षराने सुरू होतात. अल्बाय प्रांतातील ओआस गावी ते अक्षर 'र' आहे. हे ऐकताना आम्हांस आपल्या बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्या आठवल्या. पोर्तुगीजांच्या दोनशे वर्षांत आपल्या पूर्वजांनाही अशीच परकी आडनावे लाभली. आज ती आपलीच झाली आहेत. दिलेले नाव माणसाने अंगी लावून घेतले की ते त्याचेच होते, हे खरे; पण ते देणाऱ्याने त्याला विचारले होते काय, हा प्रश्न त्यामुळे पुसला जात नाही.

विचारणे आणि न विचारणे, हाच धागा त्या देशाच्या नकाशात पुढेही दिसतो. अमेरिकन काळात या वस्त्यांना बारियो म्हणत. १९७२ साली राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारला, आणि जानेवारी १९७३ मध्ये गावोगावच्या नागरिक सभांत लोकांना हात वर करावयास सांगून नवी राज्यघटना मंजूर झाल्याचे जाहीर केले. गुप्त मतदान झाले नाही. शेजाऱ्याचा हात वर गेलेला दिसत असता आपला खाली ठेवण्यास किती धैर्य लागत असेल! पुढच्याच वर्षी, १९७४ साली, सर्व बारियोंना बारांगाय हे प्राचीन नाव बहाल करण्यात आले. नाव पूर्वजांचे, वल्हे मात्र एकाच माणसाच्या हाती.

ते पर्व १९८६ साली जनतेच्या शांततामय उठावाने संपले. १९८७ च्या राज्यघटनेने आणि १९९१ च्या स्थानिक शासन संहितेने गावाला त्याचे अधिकार दिले. १९९१ हेच वर्ष आम्हांस महत्त्वाचे वाटते, कारण त्याच वर्षी फिलिपाइन्सच्या ख्रिस्तसभेची दुसरी राष्ट्रीय धर्मपरिषद भरली आणि छोट्या ख्रिस्ती समूहांच्या कार्यास तिने मोठे बळ दिले. पुढच्याच वर्षी आपल्या देशातही पंचायतींसाठी त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती संमत झाली. जणू सर्वांना एकाच वेळी उमगले, की मोठ्या छपराखाली माणूस हरवतो.

त्या संहितेतील एक कलम आम्हांस फार मोलाचे वाटले. कोणताही प्रांत, शहर, म्युनिसिपालिटी वा बारांगाय नव्याने निर्माण करावयाचे, तोडावयाचे, जोडावयाचे असेल, तर तेथील लोकांचे सार्वमत घ्यावेच लागते. २०२२ साली मागिंदानाओ प्रांताचे दोन प्रांत झाले ते असेच, लोकांनी मत दिल्यावर. विभागांना हे संरक्षण नाही. निग्रोस बेटाचेच पाहा: एकाच बेटावरील दोन प्रांत डोंगराच्या दोन अंगांना, भाषाही दोन, म्हणून ते दोन वेगळ्या विभागांत होते. २०१५ साली राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने त्यांचा एक विभाग झाला, २०१७ साली दुसऱ्या राष्ट्राध्यक्षांनी तो मोडला, आणि २०२४ साली कायदा करून शेजारच्या सिकिहोर बेटासह तो पुन्हा उभा राहिला. आणि बांगसामोरो? २०१९ च्या सार्वमतात सुलू प्रांताने नकार दिला असताही त्याला त्यात धरण्यात आले होते. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो नकार ग्राह्य धरून सुलूला बाहेर काढले. वसई तालुक्यातील शहरे आणि अनेक गावे २००९ साली एका महानगरपालिकेत आली तेव्हा आपल्या गावांत किती चर्चा झडल्या, हे ज्यांना आठवते त्यांना हे कलम समजावून सांगावयास नको.

आम्ही तेथे असतानाच, १४ मे २०१८ रोजी, बारांगायची निवडणूक झाली. या निवडणुकीत पक्षांना स्थान नाही. मतदार शाळेच्या बाकावर बसून उमेदवाराचे नाव स्वतःच्या हाताने मतपत्रिकेवर लिहितो. संध्याकाळी एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचली जाते आणि रेघा ओढून हिशेब होतो. एक प्रमुख, सात सदस्य, आणि तरुणांचे वेगळे मंडळ. त्या मंडळाचा अध्यक्षही बारांगायच्या सभेत बसतो. आमच्या बारांगायला त्या दिवशी प्रमुख म्हणून एक निवृत्त शिक्षिका मिळाली. लहानथोर सारे तिला 'काप' म्हणत. कॅप्टनचे हे लाडके रूप.

एके सायंकाळी तिने आम्हांस बारांगायच्या कचेरीत बोलाविले. शेजारी बास्केटबॉलचे मैदान, मुलांचा गलका, आणि आत एका लांब मेजाभोवती प्लास्टिकच्या खुर्च्या. दोन शेजारणी समोरासमोर बसल्या होत्या. एकीच्या पन्हळीचे पाणी दुसरीच्या स्वयंपाकघरात शिरत होते. वाद पाण्याचा होता, पण बोलणे निघाले ते सात वर्षांपूर्वीच्या एका बारशाचे, ज्याचे निमंत्रण राहून गेले होते.

त्या देशात एकाच शहरात वा म्युनिसिपालिटीत राहणाऱ्या दोघांचा तंटा, काही अपवाद सोडल्यास, थेट न्यायालयात जाऊ शकत नाही. आधी तो बारांगायपुढे आणावा लागतो. तेथे दहा ते वीस जणांचे एक समेट मंडळ असते, त्याला 'लुपोन' म्हणतात. प्रथम प्रमुखाने पंधरा दिवसांत समेटाचा प्रयत्न करावयाचा. तो फसला तर दोन्ही बाजूंनी लुपोनमधून निवडलेले तिघे पुन्हा प्रयत्न करतात. पक्षकारांनी स्वतः हजर राहावयाचे. वकिलाला तेथे मज्जाव. समेट झाला तर तो त्यांना समजणाऱ्या भाषेत लिहून सह्या घ्यावयाच्या, आणि दहा दिवसांत कोणी तो फसवणुकीच्या वा दडपणाच्या कारणावरून नाकारला नाही तर त्याला न्यायालयाच्या निकालाचे बळ येते. सारे निष्फळ ठरले तरच दाव्यासाठी दाखला मिळतो.

त्या संध्याकाळी समेट झाला नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. तिसऱ्या बैठकीस पहिली शेजारीण म्हणाली, की पन्हळ ती वळवून घेईल. दुसरी म्हणाली, निम्मा खर्च आपण देऊ. बारशाबद्दल कोणी काही बोलले नाही. पण जाताना दोघी एकाच छत्रीतून गेल्या. आम्ही प्रमुख धर्मगुरूंना विचारले, "तुम्ही अशा बैठकीला का जात नाही?" ते म्हणाले, "मी गेलो तर त्या माझ्याकडे पाहून बोलतील. एकमेकींकडे पाहणार नाहीत."

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. दीड हाताच्या बांधासाठी दारात उभा राहिलेला तो गृहस्थ डोळ्यांसमोरून हलेना. त्याने आमच्याकडे निवाडा मागितलाच नव्हता. त्याने फक्त एक मेज मागितले होते आणि समोर त्याच्या दादासाठी एक खुर्ची. तेवढेही आम्ही दिले नाही.

त्या व्यवस्थेचे आंधळे कौतुक आम्ही करीत नाही. जवळीक हे दुधारी शस्त्र आहे. २०१६ नंतरच्या अमली पदार्थविरोधी मोहिमेत संशयितांच्या याद्या अनेक ठिकाणी बारांगायमार्फतच तयार झाल्या, आणि यादीत नाव आलेल्या कित्येकांचे प्राण गेले. शेजाऱ्याला शेजाऱ्याचे सारे ठाऊक असते. त्या ठाऊक असण्याने पाणी वळविता येते आणि माणूसही संपविता येतो. आमच्या राहत्या धर्मग्रामात एक आई रोज पहाटे मिस्साला येई आणि शेवटच्या बाकावर बसे. तिच्या मुलाचे नाव यादीत होते, एवढेच आम्हांस सांगण्यात आले. त्यापुढे विचारण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. निवडणुकाही वेळेवर होतात असे नाही: २०१६ साली व्हावयाची ती २०१८ मध्ये झाली, आणि त्यानंतरची थेट ऑक्टोबर २०२३ मध्ये.

परत निघण्यापूर्वी आम्ही केसोन शहरातील सान फ्रान्सिस्को देल मोन्ते येथील चर्चमध्ये गेलो. पेद्रो बाउतिस्ता यांनीच १५९० साली तेथे मठ स्थापिला होता. गोन्सालोने त्यांच्यासाठी दुभाष्याचे काम केले. दुभाषी म्हणजे काय? ज्या दोघांना एकमेकांचे बोलणे कळत नाही त्यांच्यामध्ये उभा राहणारा. आम्ही गुडघे टेकले, पण धर्मग्रामातील लोकांनी सांगितलेल्या प्रार्थना करण्याआधी क्षमा मागितली.

वसईला परतल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही थोरल्या भावाकडे गेलो. त्याने चहा दिला, शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "फादर, तेव्हा बोलावले असते तर मी आलो असतो. आता कागद बोलतात, आम्ही ऐकतो." २०२१ साली तो वारला. अंत्यविधीच्या वेळी धाकटा फाटकाबाहेर उभा होता. आत ये म्हणावे असे कोणाला वाटले नाही, आणि आम्ही पूजेची वस्त्रे घालून असल्यामुळे बाहेर गेलो नाही. जावयास हवे होते.

त्यानंतर आम्ही धर्मग्रामात एक छोटा उपक्रम सुरू केला. शनिवारी संध्याकाळी सभागृहात एक मेज आणि काही खुर्च्या मांडलेल्या असतात. छोट्या ख्रिस्ती समूहांतून निवडलेली चार-पाच वडीलधारी माणसे बसतात; त्यांत दोन स्त्रिया आहेत. कायद्याचे बळ त्यांना नाही. वकिलांना मज्जाव करण्याचा अधिकारही नाही, पण आजवर कोणी वकील आणलेला नाही. आम्ही स्वतः त्या खोलीत बसत नाही. चहा पाठवितो आणि चर्चमध्ये जपमाळ करीत बसतो. काही वाद मिटले, काही नाही, एकदोन तर अधिकच पेटले.

मागील पावसाळ्यात त्या मेजाशी थोरल्याचा मुलगा आणि त्याचा काका येऊन बसले. कोणी बोलाविले नव्हते. पहिल्या शनिवारी दोघे मेजावर बसलेल्यांकडे पाहून बोलले. दुसऱ्या शनिवारी पुतण्या म्हणाला, "काका, बांधावरचे ते भेंडीचे झाड तुम्ही लावलेत की बाबांनी?" काका बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "दोघांनी मिळून. तू तेव्हा जन्मलाही नव्हतास."

दावा अजून मागे घेतलेला नाही. बांध जेथे होता तेथेच आहे. पण पुढच्या शनिवारीही ते येणार आहेत, आणि खुर्च्या मांडून ठेवण्याचे काम आम्ही स्वतःकडे घेतले आहे.